दुसऱ्यांदा भात

सोमवारी फाउंड्रीतली ताटं लहान झाली. कुणाला सांगणं नाही, विचारणं नाही. शनिवारपर्यंत कप्प्यांची चांगली ऐसपैस ताटं होती, ती गेली गोदामात, आणि त्यांच्या जागी आल्या नाश्त्याच्या बशा. बशीच म्हणायची, दुसरं काय. एक भाकरी ठेवली की आमटीची वाटी हातात धरायची पाळी. आणि जेवणार कोण, तर शिरोली एमआयडीसीत आठ-आठ तास भट्टीपुढं उभी राहून तापलेलं लोखंड साच्यात ओतणारी माणसं.

मीनाबाई त्या कॅन्टीनमध्ये अकरा वर्षं वाढपाचं काम करत होती. रोज कळंब्याहून दोन बस बदलून यायची. तिला आधी वाटलं, भांडी धुणारीनं चुकून बशा मांडल्या असतील. पण चूक नव्हती, ती योजना होती.

योजना मनाली मॅडमची. ऑफिसात पर्यावरणाचं बघायला नवीन आलेली, पुण्यात शिकलेली, पंचविशीतली पोरगी, बोलायला साखरेसारखी. तिथंच तर सगळी पंचाईत. कुणी खेकसलं असतं तर मीनाबाईनं उभ्या उभ्या उत्तर दिलं असतं. गोड बोलणाऱ्याचं काय करायचं, सांगा.

"सक्ती कुणावरच नाही, मावशी," मनाली म्हणाली. "फक्त हळूच आठवण करून द्यायची. अन्न वाया गेलं की पृथ्वीला त्रास होतो. ताट लहान असलं की माणूस आपोआप कमी घेतो."

भिंतीवर हसऱ्या तोंडाची पृथ्वी रंगवली होती. तिच्याशेजारी फळा, रोज किती किलो उष्टं पडलं ते लिहायला. भाताच्या पातेल्यावर, बरोबर नजरेसमोर, दोन मोठाले डोळे चिकटवले होते, म्हणजे डाव उचलणाऱ्याला वाटावं कुणीतरी बघतंय. आणि ज्याला दुसऱ्यांदा भात पाहिजे त्यानं फरशीवरच्या हिरव्या पावलांवरनं चालत वेगळ्या टेबलापाशी जायचं. तिथं मीनाबाई उभी. छातीवर 'अन्नमित्र' असा हिरवा बिल्ला. तिनं हसून एकच वाक्य म्हणायचं: "खरंच पाहिजे का?"

"आन् न्हाय म्हटलं तर?" मीनाबाईनं विचारलं.

"सक्ती नाही," मनाली पुन्हा गोड हसली.

मग कॅन्टीनचा ठेकेदार दादासो तिला बाजूला घेऊन म्हणाला, "अक्का, तेवढं वाक्य म्हणायचं. जमत नसंल तर घरी बसा, दुसरी बाई बगतो." झाली की नाही सक्ती?

आता उष्टं कुणाचं पडायचं, ते मीनाबाईला विचारा. अकरा वर्षं ती बादली तिनं उचलली होती. भट्टीवरचा माणूस शेवटच्या घासानं ताट पुसून घेतो, त्याच्या ताटात मिठाचा खडा राहत नाही. बादली भरायची ती साहेब लोकांच्या डायनिंग हॉलातनं, अर्ध्या चपात्या, दोन चमचे खाऊन सोडलेली खीर. पण डोळे चिकटवले ते इकडच्या भातावर. तिकडं ताटं तीच, मोठी.

पहिल्या दिवशी हिरव्या पावलांवरनं सगळ्यात आधी आला आकाराम. शाहूवाडीकडचा माणूस, पन्नाशी ओलांडलेला. बायको-पोरं गावाकडं भातशेती बघायची आणि हा इथं शिरोलीत एका खोलीत एकटा. सकाळी चहा, रात्री असंल तर पाव. दिवसाचं खरं जेवण एवढंच, कॅन्टीनचं. भट्टीतला रस लॅडलमध्ये, म्हणजे त्या मोठ्या लोखंडी पळ्यात घेऊन साच्यात ओतायचं काम त्याचं. अकरा वर्षांत त्यानं कधी तोंडानं भात मागितला नव्हता. ताट पुढं करायचा आणि मीनाबाई "घ्या की दादा, लाजतासा काय" म्हणत वाढायची.

त्यानं बशी पुढं केली. मनाली मॅडम शेजारीच वही घेऊन उभी. दादासो दारात. मीनाबाईनं दोघांकडं एकदा बघितलं आणि ते म्हटलं.

"खरंच पाहिजे का?"

आकारामनं तिच्याकडं बघितलं. रागानं नाही. राग असता तर परवडला असता. त्यानं बशी मागं घेतली, "नको" म्हणाला आणि हात धुवायला गेला. मनालीनं वहीत बरोबरची खूण केली.

दुसऱ्या दिवसापासनं आकाराम कॅन्टीनला आला नाही.

मीनाबाईला त्या पहिल्या दिवशी, ते वाक्य म्हणून घरी जाताना, बसमध्ये बसवेना. तिची आज्जी सांगायची, गावात लग्न असलं की आपली माणसं मांडवाबाहेर भांडी घेऊन उभी राहायची. आतनं कुणीतरी यायचं, डाव उंच धरायचं, आणि वरनं भात टाकायच्या आधी विचारायचं, "आणि पायजे? खरंच पायजे?" सगळ्यांना ऐकू जाईल असं. छप्पन साली घरानं धम्म घेतला त्या दिवशी आज्जीनं ते भांडं विहिरीत टाकलं. त्यानंतर त्यांच्या घरात आलेल्या पावण्याला कुणी "जेवणार काय" असं विचारलं नाही. पाट मांडायचा, वाढायचं, "घ्या" म्हणायचं. आणि तेच वाक्य आज नातीच्या तोंडातनं निघालं होतं, बिल्ला लावून, हसून. तिला स्वतःचीच शिसारी आली.

फळ्यावरचा आकडा मात्र रोज खाली; साहेब लोकांच्या हॉलातल्या बादल्या एकेक करून वजनातनं गळत होत्या. बावीस किलो, पंधरा, नऊ, चार. पृथ्वीच्या तोंडावरचं हसू रंगारी येऊन आणखी रुंद करून गेला. आणि फाउंड्रीच्या कुंपणाबाहेर काय चाललं होतं? वडापावाच्या दोन गाड्या होत्या, त्या सहा झाल्या. अर्धपोटी माणसं सुट्टीत तिकडं पळायची. प्लास्टिकच्या पिशव्या, कागदी प्लेटा, पाण्याचे पाऊच, असा ढीग भिंतीला लागला की गटार तुंबलं. मीनाबाईनं मॅडमला हाताला धरून गेटपाशी नेलं आणि दाखवलं.

"मावशी, ते कंपनीच्या हद्दीत येत नाही ना," मनाली म्हणाली. "आपल्या आकड्यात ते धरत नाहीत."

म्हणजे बघा. ह्यांची पृथ्वी कुंपणापाशी संपायची.

तिसऱ्या आठवड्यात आकारामच्या हातातला लॅडल हिंदकळला. घेरी आली म्हणे. थोडाच रस सांडला, पण बुटावरनं आत गेला आणि घोट्यावर चामडी निघाली. सुपरवायझरनं कागदावर लिहिलं, "निष्काळजीपणा". चार दिवसांनी तो पायाला पट्टी बांधून परत कामावर आला, तेव्हा मीनाबाईनं त्याला लांबनं बघितलं. गाल बसलेले. त्याच्या पोटात काहीच नव्हतं हे त्या कागदावर कुणी लिहिलं नव्हतं, आणि ते कुणामुळं, हे तिला पक्कं माहीत होतं.

मग आला पुरस्काराचा दिवस. कुठल्याशा हरित उद्योग पुरस्काराचे परीक्षक कॅन्टीन बघायला येणार होते. मालक स्वतः आले. परीक्षकांना कॅन्टीनमध्येच जेवायला बसवलं, कामगारांसारखं, फोटोसाठी. फक्त त्यांच्यापुढं गोदामातली मोठी ताटं काढून मांडली. पावण्यांना बशीत कसं वाढायचं, नाही का?

बुधवार होता, अंड्याचा तांबडा रस्सा होता. मुख्य परीक्षक, टाय लावलेले गुबगुबीत गृहस्थ, बसल्या जागी दोनदा रस्सा-भात ओरपून तिसऱ्यांदा स्वतःच हिरव्या पावलांवरनं आले. मीनाबाईनं ठरवलं, ह्यांनाही विचारायचं. नियम म्हणजे नियम. बघू, ह्यांचा हात मागं जातोय काय.

"खरंच पाहिजे का?"

मालकांचा घास तोंडाशी थांबला. परीक्षक मात्र खदखदून हसले. "वा, काय गोड कल्पना आहे हो," ते म्हणाले, "खरंच पाहिजे, आणि रस्सा जास्त वाढा." मालक हसले, मनाली हसली, फोटो निघाला.

मीनाबाई वाढत होती आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ज्याला जन्मात कधी कुणी विचारलं नाही, त्याला ह्या प्रश्नाचं काहीच वाटत नाही. त्याला ती गंमत वाटते. हा प्रश्न टोचतो तो फक्त ज्यानं भूक बघितली त्याला, आणि म्हणूनच तर तो कमी खातो. ही ह्यांची हळूच आठवण. ह्यांच्या पुरस्काराला लागली आग, असं ती मनात म्हणाली, आणि पातेलं उचललं.

एका हातात भाताचं पातेलं, दुसऱ्या हातात रश्श्याची किटली, काखेत एक मोठं ताट आणि डाव. ती कॅन्टीनच्या मागच्या दारानं थेट भट्टीच्या शेडमध्ये गेली. आकाराम वाळूच्या ढिगापाशी पाय लांब करून बसला होता. जेवणारे बाकीचे कामगार तिच्या मागोमाग आले.

"आकारामदादा, त्या दिवशी तोंडातनं शेण पडलं माझ्या," ती म्हणाली. "जेवा."

"ऱ्हाऊ दे मीनाक्का. भूक न्हाय."

"भूक न्हाय म्हनं. घ्या की गुमान." तिनं ताट त्याच्या मांडीवर ठेवलं आणि भाताचा डोंगर घातला. ताट बघता बघता निम्मं झालं.

तेवढ्यात मनाली धापा टाकत आली. "मावशी, पाहुणे अजून आत आहेत. ह्याची खरंच गरज होती का?"

मीनाबाई वळली. तिनं आवाज चढवला नाही. तिनं डाव मनालीच्या हातात दिला.

"ह्यो घ्या. ह्यांचं ताट बगा, सपत आलंय. आता तुमी इचारा ह्यास्नी. तुमचंच वाक्य हाय."

आकारामनं मान वर केली. पट्टी बांधलेला पाय पुढं, भाताचे हात, आणि सवयीनं थोडंसं पुढं सरकवलेलं ताट. शेडमधली चाळीस माणसं बघत होती. तिनंच दुसऱ्याला शिकवलेलं ते तीन शब्दांचं वाक्य मनालीच्या जिभेवर येईना. कानाच्या पाळ्यांपर्यंत ती लाल झाली. शेवटी तिनं डाव पातेल्यात बुडवला आणि भात वाढला, थोडा त्याच्या मांडीवर सांडत.

"घ्या," ती म्हणाली, जेमतेम ऐकू येईल इतकं.

मीनाबाईनं छातीवरचा हिरवा बिल्ला काढला आणि मनालीच्या वहीवर ठेवला.

"उद्यापासनं कुनाला ठेवायचं त्याला ठेवा," ती म्हणाली. "आता रस्सा वाढा. कोरडा भात खातोय न्हवं त्यो."