मुकादमाची मूठमाती

त्या दिवशी सगुणाबाई अशी पेटली होती, की तिच्या डोक्यावर तवा ठेवला असता तर भाकर टम्म फुगली असती. जिंतूरकडच्या ख्रिस्ती मसणवट्यात मुंजाजी मुकादमासाठी खड्डा खणला होता, तोही नेमका तिच्या लेकीच्या, मालनच्या कबरीला लागून. आणि सगुणाबाई त्या खड्ड्यात मांडी घालून बसली होती. वर मुकादमाची पेटी उन्हात तापत होती.

"ऊठ, सगुणाबाई," पाळक दत्तराव काकुळतीला आले.

"न्हाई उठत! दुष्काळी कामावर ह्यानं माझ्या लेकरापुढं पाण्याचं पिंप झाकलं. सांजच्याला तहानेनं गेली ती. आता ह्याला तिच्याजवळ निजवता व्हय?"

मंडळीतले वडीलधारे आश्रुबा खूश झाले. "बराबर हाय तिचं. मुकादम बाप्तिस्म्याबिगर मेला, नरकात जळणार, कायमचा. पाळकसाहेब, तुमीच उगं सांगायलाव, शेवटी समदे तरतात म्हणून."

"देवाची माया आटत नसती, आश्रुबा. उशिरा का होईना, समदे तरतात."

"मग बाप्तिस्मा कशाला? झक मारायला?"

दोघांची अशी जुंपली, की बाभळीवरचे कावळे उडाले ते थेट पिंगळीच्या टेसनावर जाऊन बसले. तिथंही म्हणे त्यांना ऐकू येत होतं.

"आश्रुबा!" सगुणाबाई खालून कडाडली. "मालनचाबी बाप्तिस्मा ऱ्हायला होता. नदी आटली होती. पाणी आलं की बुडवू, असं तुमीच म्हणला होता. ती कुठं हाय मग?"

आश्रुबांनी मान खाली घातली. "शास्त्र ते शास्त्र, बाई."

तिच्या अंगाची लाही लाही झाली. ह्या म्हाताऱ्याचं ऐकावं तर मुकादमासंगं लेकही जळते. पाळकाचं ऐकावं तर लेकीसंगं मुकादमही तरतो. लेकीला तेवढं न्यावं अन् ह्याला ठेवावं, अशी सोय दोघांपैकी एकाच्याही देवानं ठेवली नव्हती.

"पाळकसाहेब, समदे म्हंजे समदेच का?"

"समदेच."

"हा मुडदाबी?"

"हाबी."

तिनं देवाला अशी शिवी हासडली, की आश्रुबांनी कानांवर हात दाबले. मग कुणाचा हात न धरता ती वर चढली.

पेटी खाली सोडली. मूठमातीची तिची पाळी आली, तेव्हा तिनं मूठ भरलीच नाही. दोन्ही हातांनी मुरमाचं ढेकूळ उचललं आणि पेटीवर असं हाणलं, की फळी चिरली.

"तरून जा, मेल्या! माझ्या मालनसाठी तरायलास, ध्यानात ठेव. अन् वर ती तोंडावर थुंकली तर पुसायचं न्हाई!"

आमेन म्हणायला पाळकांनी तोंड उघडलं. तिनं नुसतं वळून बघितलं. त्यांनी ते मिटून घेतलं.