राणीची खुशाली

"राणी मजेत आहे," असं कवळीवाल्यांनी फोनवर सांगितलं, तेव्हा राणीला मरून नऊ दिवस झाले होते.

पलीकडून मुलीनं विचारलं, नीट खातेय ना? ते म्हणाले, खाते की. गारठ्यानं जरा सुस्तावली आहे, पण तिचं वयही झालंच. मग घरट्याचा कोपरा ओला ठेवता का, साखरेचं पाणी बदलता का, अशी रविवारची ठरलेली चौकशी झाली आणि पाच मिनिटांच्या आत फोन बायकोच्या हातात परत गेला. मायलेकींचं आणखी अर्धा तास चाललं. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "खोटे दात करण्यात हयात गेली तुमची. आता खोटं बोलणंही अगदी चपखल बसायला लागलंय."

हातावरचं वाळलेलं प्लास्टर नखानं खरवडत कवळीवाले मागच्या कामाच्या खोलीत गेले.

दारावरच्या पाटीवर त्यांचं पूर्ण नाव होतं, पण ते उच्चारायचे कष्ट गल्लीत कोणी घेत नसे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा ठसा घेऊन यांच्याकडे धाडत. हे ठशात प्लास्टर ओतून जबडा उभा करत, त्यावर मेणात एकेक दात रचत आणि आठवड्याभरात डबीतून कवळी परत जाई. चाळीस वर्षांत शेकडो तोंडांत त्यांचं काम बसलं होतं, पण ती तोंडं त्यांनी पाहिली नव्हती. रस्त्यात कोणी मनमोकळं हसलं की हे माणूस सोडून दात बघत बसत आणि बायकोला कोपरानं ढोसावं लागे.

मुंग्या घरात आल्या त्या ठकीमुळे. ठकी म्हणजे हीच मुलगी, तेव्हा बारा वर्षांची. एका संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्या मुंग्यांचा थवा आला. त्यातली एक चांगली बोटाच्या पेराएवढी, काळीभोर. खाली पडली आणि स्वतःचेच पंख पायांनी ओरबाडून टाकू लागली. ठकीनं तिच्यावर वाटी पालथी घातली आणि मागच्या खोलीत येऊन वर्दी दिली, की राणी सापडली आहे, तिला घर पाहिजे. कवळीवाल्यांनी मेणावरची नजर न काढता काड्यापेटी सुचवली. ठकी म्हणाली, "राणी आहे ती, बाबा. काडी नाही."

शाळेच्या ग्रंथालयातून तिनं मुंग्यांवरचं जाडजूड पुस्तक आणलं. त्या दिवसापासून घरात कामाची वाटणी झाली ती कायमची: वाचायचं ठकीनं, करायचं बापानं. काचेच्या नळीत तळाला पाणी, त्यावर कापसाचा बोळा, मग राणी, मग तोंडाशी पुन्हा बोळा, आणि नळी कपाटाच्या अंधारात. महिनाभर राणीनं अन्नाचा कण घेतला नाही. पुस्तकात लिहिलं होतं, की ती पंखांच्या स्नायूंवर जगते. आता उडायचंच नाही, तर ते तरी कशाला ठेवायचे. हे ऐकून बायको म्हणाली, "बाईची जात." पहिल्या पाच मुंग्या निघाल्या तेव्हा तिघंही कपाटात डोकं घालून उभी होती.

घरटं कवळीवाल्यांनी केलं. जबडे ओतायच्या प्लास्टरची जाड लादी ओतली आणि मेण कोरायच्या सुरीनं तिच्यात दालनं कोरली: अंड्यांचं, कोशांचं, राणीचं, शेवटी कचऱ्याचं. वर काच, काचेवर लाल कागद, कारण लाल उजेड मुंग्यांना दिसत नाही. भोवतीच्या डब्याच्या काठाला व्हॅसलीन, म्हणजे पळून जायला नको. बायको शेजारणीला सांगायची, "लोक मुंग्या घालवायला औषध आणतात. आमच्याकडे त्यांची बाळंतपणं करतात." पण उकडलेल्या अंड्याच्या बलकाचा चिमूटभर चुरा रोज न चुकता तीच टाकायची.

पुढची दहा वर्षं ठकी त्या खोलीतच वाढली. एका बाजूला बापाचं टेबल, दुसऱ्या बाजूला तिचं स्टूल, मध्ये मुंग्या. हात मोकळा असला की ती मेणाचे दात कोरून बघायची. पंधराव्या वर्षी तिनं कोरलेली एक दाढ कवळीवाल्यांनी स्वतःची समजून उचलली आणि कवळीत बसवली. चूक ध्यानात आल्यावर ते दाढ काढायला गेले, थोडा वेळ बघत राहिले आणि तशीच डॉक्टरांकडे पाठवली. ठकीला यातलं अक्षर सांगितलं नाही. बायकोला मात्र दोन वेळा सांगितलं.

म्हणून तर पुढचा घाव वर्मी बसला. बावीस वर्षांची झाल्यावर ठकी एक दिवस नोकरीचं पत्र घेऊन आली. दूरच्या मोठ्या शहरात एक कारखाना होता. तिथं तोंडाचा फोटो यंत्राला देत आणि यंत्र ठोकळ्यातून दात कोरून देई. ठकी उत्साहानं सांगत होती, की चार दिवसांचं काम तासाभरात होतं. कवळीवाल्यांनी सुरी खाली ठेवली. ते म्हणाले, जायचं तर जा. पण यापुढं तुझ्या दातांविषयी मला काही सांगायचं नाही आणि माझ्या दातांविषयी काही विचारायचं नाही. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच वाईट होतं.

ठकी त्यांचीच मुलगी. तिनं सहा वर्षं तो शब्द तंतोतंत पाळला. आईशी ती सगळं बोलायची. मग आई फोन पुढे करायची, "घ्या, तुमच्या मुंग्यांचा फोन." बापलेकीत बोलण्यासारखा हा एकच विषय उरला होता. विषय नसला की लोक नुसते हवापाण्याविषयीही बोलतात, पण या दोघांना तेवढंही जमलं नाही.

राणी गेल्याचं त्यांना लगेच कळलं नव्हतं. कामकरी मुंग्या तिच्याभोवती नेहमीसारख्या दाटलेल्या, तिला चाटताहेत, तोंडाशी तोंड नेऊन भरवताहेत. चौथ्या दिवशी त्यांना दिसलं, की तिचे पाय पोटाशी दुमडलेले आहेत. सातव्या दिवशी मुंग्यांनी तिला ओढत कचऱ्याच्या दालनात नेऊन ठेवलं. कवळीवाल्यांनी काच सरकवली, चिमट्यानं तिला उचललं आणि कागदात गुंडाळून बाहेर कुंडीत पुरलं.

त्या खोट्या फोननंतर आठवडाभर बायको मागे लागली होती. सोळा वर्षं जगली, सोनं झालं तिचं. सांगून टाका पोरीला. शेवटी कवळीवाले म्हणाले, "सांगीन. पण मग पुढच्या रविवारी मी काय बोलू?"

बायकोनं पुन्हा तो विषय काढला नाही. रविवारी फोन पुढे करताना ती फक्त मान दुसरीकडे वळवायची.

आता दर रविवारी एक थाप लागे, आणि थापेला लागणारा माल कवळीवाल्यांकडे एकच होता: आठवणी. ठकी चौदा वर्षांची असताना राणी रुसल्यासारखी तीन दिवस कोपऱ्यात बसली होती, ते त्यांनी परवाचं म्हणून सांगितलं. एकदा मुंग्यांनी राणीला रात्रीत एका दालनातून दुसऱ्यात हलवलं होतं, तेही आत्ताचं केलं. ठकी "हो?" म्हणायची, पहिल्यांदा ऐकल्यासारखी.

गारठा सरला तेव्हा एक नवल घडलं. घरट्यात पुन्हा कोश दिसू लागले. राणी नसताना अंडी कुठून आली हे त्यांना उमगेना. मागची राहिलेली असतील, असं त्यांनी मनाला समजावलं. आणि एका सकाळी लाल कागद उचलला, तर आत पंखवाले. त्यांचा जीव हरखला. सगळं आलबेल असल्याचा एवढा खरा पुरावा आयता हाती आला होता. त्या रविवारी त्यांनी बायकोच्या हातून फोन जवळजवळ ओढून घेतला आणि सांगितलं, की घरट्यात पंखवाले आलेत, वीसेक तरी असतील.

ठकीनं विचारलं, "सगळे बारकेच आहेत का? लहान डोक्याचे? मोठी एकही नाही?"

"एकही नाही. एका साच्यातून काढल्यासारखे आहेत सगळे."

ती म्हणाली, "छान. राणीला जपा."

त्यानंतर पाच मिनिटांच्या फोनची दहा मिनिटं झाली, कधी पंधरा. ठकीच जुनं काही काढायची: एकदा झाकण उघडं राहून पन्नास मुंग्या मेणाच्या डब्यात गेल्या होत्या ते, किंवा पाहुण्या आलेल्या आत्यानं घरटं म्हणजे मिठाईचा डबा समजून उघडलं होतं ते. कवळीवाले हसायचे, दुरुस्त्या सुचवायचे. मात्र तिनं एक गोष्ट विचारणं सोडलं होतं, ती म्हणजे अंडी किती आहेत. हे त्यांच्या लक्षात आलं, पण त्यांनी ते सुदैवात जमा केलं.

पंखवाले उडून गेले. शंभराच्या चाळीस मुंग्या झाल्या, चाळिसाच्या सात. पुन्हा गारठा आला तेव्हा एकच उरली होती. ती रिकाम्या दालनांतून फिरायची, राणीच्या जागेपाशी थांबायची, परत फिरायची. तिच्यासाठीही बायको बलकाचा चुरा टाकत होती. एका रविवारी सकाळी तो चुरा तसाच पडलेला दिसला.

कवळीवाले घरट्याशी उभे राहिले. मग सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतः मुलीला फोन लावला.

"ठके, राणी गेली."

"कधी?"

आज, असं म्हणता आलं असतं. ते म्हणाले, "मागच्या गारठ्यात. वर्ष होत आलं. आज शेवटची मुंगीही गेली."

"मला माहीत होतं, बाबा. पंखवाले आले तेव्हाच कळलं. राणी गेली, की कामकरी मुंग्या अंडी घालतात. त्यांतून नुसते नर निघतात. बारके, पंखवाले. पुस्तकात होतं ते."

पुस्तक वाचणं ही तिची वाटणी होती. कवळीवाल्यांनी स्टूल ओढलं आणि खाली बसले.

"मग वर्षभर तिची खुशाली विचारत होतीस, ती काय म्हणून?"

"दुसरं काय विचारणार? बाकीचं तुम्हीच बंद केलंत."

ती रागानं बोलली नव्हती. कुठली बस कुठून सुटते हे सांगावं, तसं सांगितलं. कवळीवाले फोन कानाशी धरून समोर बघत राहिले. टेबलावर एक समोरचा दात पडला होता, एका तरुण शिक्षिकेसाठी केलेला. डॉक्टरांनी तो दोनदा परत पाठवला होता. दुसऱ्या वेळच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, की रंग जुळतो, पण दात मेलेला दिसतो. चाळीस वर्षांत अशी चिठ्ठी त्यांना कोणी लिहिली नव्हती. त्यांनी दात चिमट्यात धरून खिडकीच्या उजेडात फिरवला. डॉक्टरांचं बरोबर होतं.

"ठके," ते म्हणाले. "तुमच्या तिकडं, त्या यंत्रात. समोरच्या दाताच्या कडेला निळसर झाक असते बघ. ती कशी आणता तुम्ही?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बाईचा आहे का बाप्याचा?" ठकीनं विचारलं. "आणि वय काय?"

फोन परत घ्यायची वेळ झाली म्हणून बायको सवयीनं हात पुसत दारात आली. कवळीवाल्यांनी तिच्याकडे न बघता नाही अशी मान हलवली. डॉक्टरांची चिठ्ठी पालथी केली आणि प्लास्टरच्या भुकटीत चाचपून पेन्सिलचा तुकडा शोधला.

"हळू सांग," ते म्हणाले. "लिहून घेतोय."

बायको आत गेली आणि उकळत आलेलं चहाचं आधण तिनं तूर्त खाली उतरवून ठेवलं.