बेनिनची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी, पांढऱ्या सनबोर्डाची, म्हणजे हलक्या फोमच्या पुठ्ठ्याची पाटी आहे. माझ्यावर 'बेनिन' या आफ्रिकेतल्या देशाचे नाव लिहिले आहे.

चिकपेट या जुन्या बाजाराच्या गल्लीत पाट्या बनवणाऱ्या कल्लाप्पांनी मला कापले. मारतहळ्ळीतल्या एका शाळेच्या यशश्रीबाई मुलांच्या व्यापार परिषदेसाठी पाट्या करून घ्यायला आल्या होत्या.

"अक्का, लहान देशांची अक्षरं स्वल्प लहान करू?" कल्लाप्पांनी विचारले.

"नको अण्णा, सगळ्यांची सारखीच," बाई म्हणाल्या. ते ऐकून माझी मान ताठ झाली.

या परिषदेत मुले एकेका देशाचे प्रतिनिधी होतात आणि खऱ्यासारख्या वाटाघाटी करतात. बोलायचे असेल तर समोरची आडवी पाटी उभी करायची. शेवटी अध्यक्ष विचारतात, "कुणाचा आक्षेप?" एकही पाटी उभी राहिली नाही, तर करार सगळ्यांना मान्य.

अमेरिकेच्या पाटीसाठी मुले भांडत. मी वाट्याला आले की तोंडे वाकडी होत. कुणी मला हलवून वारा घेतला, कुणी माझ्या पाठीवर फुल्ली-गोळा खेळले. दरवर्षी मी आडवी पडूनच होकार देत राहिले. मला फार वाईट वाटे.

यंदा मी शाल्मलीकडे आले. ती नुकतीच नागपूरहून आली होती. शाळेत तिला एकच मित्र होता, ध्रुव, आणि तो अमेरिका झाला होता. विषय होता कापूस. श्रीमंत देश आपल्या कापसाला सरकारी मदत देतात, म्हणून जगात भाव पडतो आणि बेनिनचे नुकसान होते, हे तिने मन लावून वाचले होते. करारात मात्र एवढेच होते, 'मदत योग्य वेळी कमी करू.'

शेजारच्या वर्गातही हीच परिषद चालू होती, आणि ज्या वर्गाचा करार होईल त्याला ट्रॉफी मिळणार होती. त्यांचा करार फिसकटला होता.

"शाल्मली, प्लीज, पाटी उभी करू नकोस," ध्रुव कुजबुजला. "आपला करार झाला की ट्रॉफी आपली."

"पण त्यात तारीखच नाहीये रे."

"अगं, खरं बेनिन थोडंच ऐकतंय इथे!"

"ते इथे नाहीये, म्हणून तर मला बोलायला हवं ना."

अध्यक्ष मुग्धाने विचारले, "कुणाचा आक्षेप?"

शाल्मलीने करारातली ती ओळ पुन्हा एकदा वाचली. तिने मला उभे केले. "बेनिनला हे मान्य नाही," ती म्हणाली. मी पडले नाही. तिने मला घट्ट धरले होते.

करार मोडला. ट्रॉफी यंदा कुणालाच मिळाली नाही. घरी जाताना ध्रुव तिच्यासाठी थांबला नाही. रिकाम्या वर्गात शाल्मलीने माझ्यावरचे बोटांचे डाग रुमालाने पुसले, आणि मग तिला रडू आवरेना.

मित्रांनो, मला जपा, असे मी सांगणार नाही. माझा कोपरा मोडला तरी चालेल. पण जे बोलायला समोर नाहीत, त्यांच्या नावाने मला आडवी ठेवून होकार देऊ नका.