वाऱ्याकडून पेटवलेला राब

धाकलूने सदऱ्याच्या खिशातून रुमाल काढला, त्याच्या दोन्ही गाठी सोडल्या आणि आतला पेन ड्राइव्ह ऋतिकाच्या तळहातावर ठेवला.

"एवढ्याशा वस्तूला दोन गाठी, काका?"

"किरण म्हनला, हरवलात तर दुसरा मागू नका."

ऋतिका हसली. पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावून ती खुर्चीत पुढे सरकून बसली. किरण हा धाकलूचा मुलगा. खोपोलीकडच्या कारखान्यात तो पहिल्या पाळीला असे, म्हणून सकाळी निघताना त्याने हे सामान बापाच्या खिशात घातलं होतं. ऋतिका त्याची चुलतबहीण, धाकलूच्या वारलेल्या धाकट्या भावाची एकुलती एक मुलगी. तिचा कॉम्प्युटर जुना, कुणीतरी वापरून टाकलेला. त्याला वायरीतून आलेलंच नेट कळायचं, हवेतलं कळत नव्हतं. ते कळावं म्हणून तिने कर्जतहून अंगठ्याएवढं एक काळं यंत्र आणलं होतं. अडॅप्टर म्हणतात त्याला.

अडॅप्टर लावला तरी त्याचा दिवा काही लागेना. खोक्यात एक सीडी निघाली, पण कॉम्प्युटरला सीडीची खाच नव्हती. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र चालवणारा प्रोग्राम, नेटवरून उतरवून घ्या. म्हणजे नेट चालू करायला ड्रायव्हर पाहिजे आणि ड्रायव्हर आणायला नेट. विहिरीवर जावं आणि दोर विहिरीच्या तळाला असावा, तसली गत. शेवटी किरणने तो आपल्या घरच्या नेटवरून उतरवला आणि बापाच्या हाती धाडला.

ड्रायव्हर म्हटलं की धाकलूच्या डोळ्यांपुढे टेंपोचाच ड्रायव्हर येई. आणि अलीकडे टेंपोचं नाव निघालं की तो विषय बदलत असे.

त्याने खिडकीतून बाहेर पाहिलं. वर रस्त्याच्या कडेला त्याचं घर, खाली हे ऋतिकाच्या आईचं, नंदाचं, आणि मधे राबाचं काळं वावर. भावाभावांच्या वाटण्या होऊन वर्षं लोटली, तरी राब मात्र दोन्ही घरांचा अजून एकच भाजला जाई. भाताची रोपं जिथे टाकायची, त्या जागेवर शेण, पाला, तोडलेल्या फांद्या आणि वर पेंढा पसरायचा आणि उन्हाळ्यात तो भाजून काढायचा. या भागात पोराला चड्डी नीट घालता येण्याआधी एक गोष्ट कळते. राब वाऱ्याकडून पेटवायचा नसतो. वारा जिकडे जातो, त्या टोकाला काडी लावायची. मग आग वाऱ्याशी भांडत मागे मागे सरकते, माती नीट भाजते आणि बांध ओलांडत नाही. धाकलूने जन्मभर असाच राब भाजला होता. गावात कुणाचा राब भाजायचा झाला, तर लोक त्यालाच विचारायला येत.

आणि त्याच माणसाने या वर्षी रस्त्याकडून काडी लावली, वारा रस्त्याकडून येत असताना.

पळसदरीला हळदीचं जेवण होतं. टेंपो रस्त्यावर उभा, आत सगळे सोबती, आणि ड्रायव्हर हॉर्नवरचा हात उचलायला तयार नाही. खालच्या टोकाला जाऊन पेटवायचं तर वावर ओलांडायचं, मग आगीपाशी संध्याकाळपर्यंत बसायचं. वरून पेटवला की भराभरा जळून मोकळा. धाकलूने काडी लावली, खाली नंदाच्या घराकडे तोंड करून हाक दिली की राबाकडे लक्ष ठेव गं, आणि टेंपोत चढला. नंदा तिथून काहीतरी ओरडली. नळाला पाणी आलंय, हंडे भरून येते, असं असावं. त्याने नीट ऐकलंही नाही.

जेवून परत आला तेव्हा बांधावर माणसं जमली होती. आग खालचा बांध चढून वाळल्या गवतात शिरली होती, आणि त्याच गवतातून ऋतिकाच्या घरी नेटची वायर गेली होती. घर वाचलं, वायर गेली. नेमकी त्याच वेळी पोरगी कॉम्प्युटरवर नोकरीची परीक्षा देत होती. डॉक्टर बोललेले रिपोर्ट ऐकायचे आणि टाइप करायचे, असं घरबसल्याचं काम होतं. अर्ध्यात पडदा गोठला आणि परीक्षा बाद झाली.

नंदा पदर तोंडाला लावून सगळ्यांना सांगत होती की मी पाण्याला गेले, माझंच चुकलं. कुणीतरी म्हणालं, बाईमाणसाच्या भरवशावर आग सोडतात काय. धाकलू तिथेच उभा होता. बोलायला तोंड होतं, वेळही होती. तो मूग गिळून बसला. आज बोलू, उद्या बोलू करता करता ती गोष्ट त्याच्या छातीवर दगडासारखी बसली आणि तिथेच राहिली.

नेटवाला येऊन बघून गेला. आता पेरणीचे दिवस, वावरातून वायर ओढता यायची नाही, भात कापून झालं की बघू, म्हणाला. मोबाइलला या खोलगट जागेत कधी रेंज नव्हतीच. तेव्हा धाकलूनेच म्हटलं की आमच्या घरातलं वायफाय घे, किरणला सांगतो. सगळ्यांना वाटलं, चुलता असावा तर असा. ऋतिकाने तर वाकून नमस्कार केला. त्या नमस्काराने धाकलूला रात्रभर झोप लागली नाही.

"लागला," ऋतिका म्हणाली. अडॅप्टरवर निळा दिवा लुकलुकत होता. पडद्यावर धाकलूच्या घरच्या नेटचं नाव उमटलं. किरणने गमतीने ते 'धाकलूशेठ' असं ठेवलं होतं. पासवर्ड म्हणून घरच्या म्हाताऱ्या बैलाचं नाव, ते धाकलूने मोठ्या अभिमानाने सांगितलं.

पण सिग्नलची रेघ एकच उमटली, तीही येऊन जाऊन. टेबल भिंतीच्या आडोशाला होतं. ऋतिकाने एक लांब वायर काढली, तिच्या टोकाला अडॅप्टर खोचला आणि खिडकीपाशी नेऊन धरला. पावसाळ्यासाठी खिडकीच्या वर पुढे आलेला पत्रा ठोकलेला होता, त्याच्या आत रेघ वाढेना. गजातून हात बाहेर काढून पत्र्याच्या पुढे धरला, तेव्हा कुठे तीन रेघा झाल्या.

तेवढ्यात कॉम्प्युटर वाजू लागला. परीक्षा घेणाऱ्या ठाण्याच्या ऑफिसातल्या मॅडम ठरल्यापेक्षा लवकरच कॉलवर आल्या होत्या. खूप विनवण्या केल्यावर त्यांनी ऋतिकाला ही दुसरी संधी दिली होती, तिसरी मिळणार नव्हती. ही गेली तर पुण्याला मावशीकडे जाऊन मिळेल ती नोकरी धरायची, असं ठरलेलं होतं. मग या घरात नंदा एकटी.

"काका, धरा. असंच धरा, हलू नका."

धाकलूने हात गजातून बाहेर काढला आणि अडॅप्टर धरला. ऋतिकाने कानाला हेडफोन लावले, पाठ ताठ केली आणि टाइप करू लागली.

सुरुवातीला त्याला काही वाटलं नाही. नांगराची मूठ धरलेला हात, त्याला एवढीशी वस्तू काय जड. पण नांगर चालतो, हे चालत नव्हतं. खांद्यातून मुंग्या सुरू झाल्या आणि कोपरापर्यंत आल्या. दुसरा हात लावावा तर गजांत जागा नव्हती. त्याने मान वळवून पोरीकडे पाहिलं. तिची बोटं चालत होती, मधेच थांबत होती, पुन्हा चालत होती. तीन रेघांच्या दोन झाल्या की तिच्या भुवया आत ओढल्या जात, आणि धाकलू श्वास रोखून हात इंचभर वर घेई.

हात ज्या दिशेला होता, त्या दिशेला राबाचं काळं वावर होतं. दुसरीकडे कुठे बघायची सोयच नव्हती. धाकलूला आपली लाज वाटली. पोरीला हात द्यायला आलोय, असं गावाला वाटतं, आणि आपण इथे कशापायी उभे आहोत ते आपल्यालाच ठाऊक.

नंदा मागच्या दाराने आत आली. हातात पाण्याचा तांब्या होता. ती ऋतिकापाशी गेली नाही. आग लागल्यापासून मायलेकींत हो-नाहीपलीकडे बोलणं नव्हतं. नंदा वाढायची, ऋतिका खाली मान घालून जेवायची आणि ताट उचलायची. नंदाने दिराकडे पाहिलं, त्याच्या गजाबाहेर ताणलेल्या हाताकडे पाहिलं, मग कोपऱ्यातला भाताचा रिकामा डबा उचलून आणला आणि आवाज न करता त्याच्या कोपराखाली खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. धाकलूने कोपर टेकलं. त्या टेकण्याने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हिच्याच माथी आपण खापर फोडलं आणि हीच आपल्या हाताला टेकू देते.

आता बोलावं, असं त्याला वाटलं. त्याने तोंड उघडलं.

नंदाने ओठांवर बोट ठेवलं आणि लेकीकडे डोळ्यांनी खूण केली. माइक चालू होता.

परीक्षा संपली तेव्हा धाकलूचा हात आपला राहिला नव्हता. ऋतिकाने हेडफोन काढले, मॅडम काय म्हणाल्या ते दोनदा स्वतःशीच पुटपुटली आणि मग म्हणाली, "घेतलं. सोमवारपासून ये म्हणाल्या. म्हणजे इथूनच." ती उठली, चुलत्याच्या हातातून अडॅप्टर घेतला, गजातून हात घालून सुतळीने पत्र्याच्या पुढच्या कडेला घट्ट बांधला, रेघा मोजल्या आणि साखर आणायला आत धावली.

खोलीत दोघंच राहिली. धाकलू हात चोळत होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, त्याला तर भर दुपारी चांदणं पडलं होतं.

"नंदा," तो म्हणाला, "त्या दिवशी वारा कुठनं व्हता गं?"

नंदाने तांब्या खाली ठेवला. "रस्त्याकडनं."

"आन मी पेटवला कुठनं?"

"रस्त्याकडनंच." ती शांतपणे म्हणाली. "मला दिसत व्हतं, भावजी. मी दारातच उभी व्हते. ओरडले बी, वारा बघा म्हनून. तवर तुमी टेंपोत चढलात."

म्हणजे त्या दिवशी ती पाण्याचं ओरडली नव्हती, पाण्याला गेलीही नव्हती.

"मग तू... लोकांपुढं बोलली का नाय?"

"तवाच दिसत व्हतं, आता तिला तुमच्या घरचंच नेट घ्यावं लागनार. तिचा राग तुमाला ठाव हाय. तुमच्यावर धरला असता तर तुमच्या दारात पाय ठेवला नसता. सरळ पुन्याला गेली असती." नंदाने पदराने कट्टा पुसला. "माझ्यावर धरला तरी जेवायला माझ्याच घरी येते."

आत डब्याचं झाकण पडल्याचा आवाज झाला. ऋतिका वाटीत साखर घेऊन आली. तिने आधी चुलत्याच्या हातावर साखर ठेवली, वाकली, आणि मग वाटी आईच्या बाजूला, टेबलावर ठेवून दिली. आईच्या हातावर नाही.

धाकलू हातावरच्या साखरेकडे बघत राहिला. हे तोंडात घातलं की सगळं मिटलं. पोरगी घरी राहील, नेट चालत राहील, नंदा काही बोलायची नाही. राबाची रोपं वर येतील आणि काळं वावर हिरवं होईल. नंदाने सगळं इतकं नीट लावून ठेवलं होतं की त्याने फक्त गिळायचं होतं.

त्याने साखर परत वाटीत टाकली.

"ही आधी तुझ्या आईला दे," तो म्हणाला.

"देते की. तुम्ही घ्या ना."

"आधी तिला दे. हातावर दे. आन मग बस हितं. राब कसा पेटवतात ते तुला सांगायचंय."

ऋतिकाला काही कळेना. तिने हसून आईकडे पाहिलं, कितीतरी दिवसांनी पाहिलं, हे काय काढलं काकांनी मधेच, अशा नजरेने.

नंदा हसली नाही. ती उठून खिडकीपाशी गेली आणि अडॅप्टरला बांधलेल्या सुतळीवर तिने आणखी एक गाठ मारली.