आधी बाबाच्या छातीवर

आश्लेषा अमेरिकेत मॉरिसव्हिलजवळच्या एका लॅबमध्ये तान्ह्या बाळांच्या पोटातल्या जिवाणूंवर संशोधन करायची. नॉर्मल डिलिव्हरीत बाळाला आईकडून जे उपयोगी जिवाणू मिळतात, ते सिझेरियनमध्ये बरेचसे हुकतात, हे तिच्या रोजच्या कामातलं. त्यामुळे आपल्या बाळाचं तसं व्हायला नको, असं तिने मनाशी धरून ठेवलं होतं. पण कळा चालू असताना बाळाचे ठोके मंदावले आणि तिला घाईघाईने ऑपरेशनला नेलं.

मुलगी झाली. तिला श्वास घ्यायला त्रास होत होता म्हणून नर्सरीत हलवलं. इकडे आश्लेषाला ताप भरला, अँटिबायोटिक्स सुरू झाली, उठायला मनाई. शेवटी तिच्या नवऱ्याने, परीक्षितने, शर्ट काढून बाळाला छातीशी धरलं आणि तिला फोटो पाठवला. ती तो मोठा करून करून पाहत राहिली. तिला त्याचा हेवा वाटला.

आपल्या योनीमार्गातले जिवाणू कापसाने बाळाला लावता येतील का, असं तिने डॉक्टरांना विचारलं. त्यांनी नको म्हटलं. त्यात इन्फेक्शनचा धोका होता, हे तिलाही माहीत होतं. स्वतःचं दूध द्या, जमेल तेव्हा अंगाशी घ्या, हा फरक पुढे बराचसा भरून निघतो, असं त्या म्हणाल्या. हेच तिने कितीदा तरी लोकांना सांगितलं होतं.

ब्रेस्ट पंपावर जेमतेम चमचाभर पिवळं दूध आलं. परीक्षित ते जपून नर्सरीत घेऊन गेला.

नागपूरहून आईचा व्हिडिओ कॉल आला. तिला अजून व्हिसाची तारीख मिळाली नव्हती. आश्लेषा म्हणाली, "मी अजून तिला हातसुद्धा लावला नाहीये गं."

आई म्हणाली, "तू झालीस तेव्हा मलाही दुसऱ्या दिवशीच दिलं होतं तुला. फार जीव तुटतो."

ताप उतरल्यावर नर्सने तिला व्हीलचेअरवरून नेलं आणि नळ्या सांभाळत बाळाला तिच्या उघड्या छातीवर ठेवलं. बाळ चाचपडलं, एकदा कण्हलं, मग निवांत झालं. जिवाणूंचं काही तिच्या मनात आलं नाही. परीक्षितने तिच्या आईला व्हिडिओ कॉल लावून फोन समोर धरला.

आई स्क्रीनच्या अगदी जवळ आली. "वास कसा येतोय गं तिला?"

आश्लेषाने बाळाच्या टाळूला नाक लावलं. एकदा हुंगून तिने पुन्हा नाक लावलं.