बामियानला नेलेले रोडगे

माझ्या सासूबाईंनी बुद्धाला नवस बोलला आणि तो फेडायला मला विमानात बसवून काबूलकडे धाडलं, असं सांगितलं तर आमच्या राजापेठेच्या शाळेतल्या बाया मला वेड्यात काढतील. काढोत बापड्या. झालं ते असंच झालं.

माझा नवरा देवमन सत्तावन्न साली सरकारी शिष्यवृत्तीवर जर्मनीला गेला, सूतगिरणीच्या यंत्रांचं शिकायला. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. जाताना म्हणाला, "दोन वर्षं, इंदू. डोये मिटून उघडले का झालं." मी डोळे मिटले आणि उघडले, तर साठ साल उजाडलं होतं.

मग एप्रिलात त्याचं पत्र आलं. जुनी मोटार घेतली आहे, रस्त्यानं निघतो आहे, तुर्कस्तान, इराण करत अफगाणिस्तानात येतो. सोबतचे दोघे जर्मन तेहरानला थांबणार. तुझ्या शाळेला सुट्या आहेत, तू काबूलला ये, तिकीट पाठवतो, तिथून बामियानचे बुद्ध पाहू. काबूलच्या पुढच्या रस्त्याबद्दल पत्रात एक अक्षर नव्हतं. ते मीच लिहून टाकलं. शाळेतला नकाशा काढून पेशावर, लाहोर, अमृतसर, दिल्ली अशी बोट फिरवत मी अमरावतीपर्यंत आले आणि सगळ्या गल्लीला सांगितलं, की आमी मोटारीनं येऊन राहिलो.

जायच्या आदल्या दिवशी घरी आले, तर अंगणात गोवऱ्यांचा धूर. सासूबाई, त्यांना मी मामी म्हणते, विस्तवात रोडगे भाजत बसल्या होत्या. कणकेचे मुठीएवढे गोळे. आमच्याकडे नवस पावला, की देवाला देतात तेच.

"हे कोणाले?" मी विचारलं.

"बुद्धाले. एकवीस बोलली होती मी."

माझं डोकंच फिरलं. "मामी, आपण घरचे देव नदीत सोडले, प्रतिज्ञा घेतल्या, आन तुमी बुद्धाले नवस बोलता? थो काय आसरा आहे का मरीमाय?"

"अवो, देव सोडले, पण तोंड तं थेच आहे ना. पोरगा इमानात बसला आन तोंडातून निंघून गेलं. आता बोलली तं बोलली."

"बरं, पण नवस पावल्यावर फेडतेत. तुमचा लेक अजून दारात कुठी आला?"

"त्याच्यानंच तं धाडून राहिली. पयलेच देऊन ठेवले का त्याले बी लाज वाटन."

"कोणाले?"

"बुद्धाले. आनखी कोणाले?"

यावर काय बोलणार, कपाळ! आठवी ते मॅट्रिक पोरींना शिकवणारी मी, एकवीस रोडगे धडप्यात बांधून काबूलला निघाले. तिथल्या कस्टमच्या माणसानं एक उचलला, टेबलावर आपटून पाहिला, कानाशी धरून हलवला, आणि "ई चिस्त?", म्हणजे हे काय, असं विचारलं. मी म्हटलं, "रोटी." तो दोनदा रोडग्याकडे आणि दोनदा माझ्याकडे पाहून हसला आणि त्यानं जाऊ दिलं.

बाहेर राखी कोटातला एक माणूस उभा होता. मी त्याच्यासमोरून पुढे गेले. मग त्यानं मागून हाक मारली, "इंदे!" ती हाक मात्र बदलली नव्हती. मी वळले आणि तीन वर्षं मनात जुळवून ठेवलेली सगळी वाक्यं विसरून म्हणाले, "तुमी जाडे झाले!"

तो इतका हसला, की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिथून पुढचे चार दिवस मी जागी होते, की झोपेत, हे मला आजही सांगता यायचं नाही. मोटार बुटकी, निळी, शिंकल्यासारखी सुरू व्हायची. मी पुढे त्याच्या शेजारी बसले. अमरावतीत मी त्याच्या शेजारून कधी चाललेसुद्धा नव्हते, चार पावलं मागेच असायची. इथे डोंगरामागून डोंगर येत होते, तांबडे, जांभळे, मागे बर्फाचे, आणि त्यांच्या पायथ्यानं एक नदी आमच्यासोबत चालली होती. पॉपलरची उंच, सडपातळ झाडं वाऱ्यानं पांढरी व्हायची आणि पुन्हा हिरवी व्हायची. रस्ता मातीचा. धूळ उडायची, मग सावकाश खाली बसायची, आणि तोवर तिच्यात ऊन अडकून राहायचं. आम्ही फार बोलत नव्हतो. तो मध्येच एखाद्या गावाचं नाव सांगायचा, मी ते पुन्हा म्हणायची, आणि एवढं बोलणं आम्हाला पुरायचं. एकदा त्यानं गिअरवरचा हात काढून माझ्या हातावर ठेवला. समोरून उंटांची रांग येत होती, तरी मी हात काढला नाही. उंटवाल्यानंही पाहिलं नाही.

घाटाच्या अलीकडे एक चहाचं दुकान लागलं. मातीचा ओटा, त्यावर सतरंजी, आणि एक म्हातारा चहावाला. त्यानं आम्हा दोघांना हिरवा चहा दिला. माझा पिऊन झाला, तसं त्यानं माझंच भांडं उचललं, गाळ झटकला, स्वतःसाठी चहा ओतला आणि फुंकर मारत पिऊ लागला.

मी पाहतच राहिले. आमच्या शाळेत शिक्षिकांच्या खोलीत सहा कप एका फडताळात आहेत आणि सातवा खिडकीत. तो माझा. कोणी मला कधी वाईट बोललं नाही, फक्त सातवा कप खिडकीत असतो.

"पाह्यलं?" देवमन हळूच म्हणाला. "तिकडं जर्मनीत रोज असंच असते."

बामियानला पोचलो तेव्हा दुपार कलत होती. दरीच्या एका अंगाला अख्खा कडा उभा, आणि त्यात कोरलेले बुद्ध. मोठा तर इतका मोठा, की मान वर करताना माझा पदर घसरला. चेहरा कोणीतरी केव्हाच तासून टाकला होता. पण उभं राहणं तसंच होतं, शांत, अंगावरच्या वस्त्राच्या चुण्या पाण्याच्या लाटांसारख्या खाली आलेल्या. खाली बटाट्याची शेतं, पाटाचं पाणी, एक बाई गाढवाला हाकत होती. मी चपला काढल्या. आम्ही दोघांनी त्रिशरण म्हटलं. आमच्या वऱ्हाडी उच्चारातली पाली त्या कड्यावर आपटून परत आली आणि मला वाटलं, की आपल्यामागून आणखी कोणीतरी म्हणतं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तिथेच पाटाच्या कडेला बसलो असताना, त्यानं सांगितलं.

"इंदे, मी घरी नाई येऊन राहिलो. काबूलहून मी वापस जर्मनीले जातो. तिकडच्या कारखान्यानं कायमची नोकरी देल्ली. तू चाल माह्यासंग. तुह्या कागदाइचं मी पाहून ठेवलं."

"आन मामी?"

तो पाटात खडे टाकत राहिला. मग म्हणाला, "मायले तू सांग ना. येत असशीन तं पत्र लिहून सांग, नाई तं जाऊन सांग. माह्यानं नाई होत. तिच्यासमोर उभा राह्यलो तं मी निंघूच शकणार नाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे मले निरोप न्यायले बोलावलं? पोस्टमन समजले का मले? अर्ध्या रस्त्यात बोलावून बुद्ध दाखवता, नदी दाखवता, आन वरून हे?"

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "जायच्या आधी मी अमरावतीच्या कचेरीत होतो, तिथं माठाजवळ माह्यासाठी वेगळा गडू होता. खिळ्याले टांगलेला. आता इंजिनेर होऊन गेलो तं थो गडू पितळेचा होईन. याच्याहून काई जास्ती होईन का? तूच सांग."

खरं बोलायचं तर त्या घटकेला मला जावंसं वाटलं. त्या निळ्या मोटारीत बसावं आणि जिथे आपण कोणाचे आहोत हे कोणी विचारत नाही तिथपर्यंत चालतच राहावं, असं इतकं वाटलं, की छाती दुखली. पण मामी अंगणात गोवऱ्या फुंकत असतील हेही दिसत होतं. त्यांना दुसरं कोण होतं?

मी धडपं आणलं आणि नवसाची हकिकत सांगितली, आधी फेडायच्या युक्तीसकट. तो हसायला लागला, "माय बी ना, लय हुशार!" आणि हसता हसता तोंड लपवून रडला. बुद्धाच्या पायांशी, म्हणजे पाय जिथे असायला हवेत तिथल्या खडकाशी, आम्ही रोडगे ठेवले. ते खडकासारखेच झाले होते. शेतातली माणसं जमली. एका म्हाताऱ्यानं "बिस्मिल्ला" म्हणत एक दगडानं फोडला, चहात बुडवला आणि मान डोलावली. मग सगळ्यांनीच वाटून खाल्ले. आम्हीही खाल्ले. देवमन शेवटचा तुकडा बराच वेळ तोंडात धरून बसला होता.

काबूलला त्यानं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "मामीले एकटं टाकून माह्यानं येणं होत नाई." माझं विमान पूर्वेकडे उडालं, त्याची मोटार कंदाहारच्या रस्त्याला लागली. खिडकीतून मी रस्ता शोधत होते. सगळे डोंगर सारखेच दिसत होते.

बडनेऱ्याहून टांगा केला. गल्लीच्या तोंडाशी बाया उभ्या होत्या, मोटार पाहायला. मामी दारात. त्यांनी एकदा टांग्याच्या मागे पाहिलं, मग माझ्या हातातली पिशवी घेतली आणि बायांना म्हणाल्या, "पोरगी थकून आली, उद्या या." दार लोटलं. मला पाणी दिलं आणि गव्हाचं सूप घेऊन निवडत बसल्या.

मी सगळं सांगून टाकलं. राग राग करत सांगितलं, म्हणजे रडू येणार नाही. त्यांची बोटं गव्हात फिरत होती.

"तिकडं त्याले पाणी कोण्या भांड्यात देतेत?" त्यांनी विचारलं.

"सगळ्याइच्या."

"आन तू गेली होती तिथं, तुले?"

चहावाला आठवला. "मले बी."

बोटं थांबली. "मंग तू काहून वापस आली?"

मला वाटलं त्या रागावल्या. मी म्हटलं, "तुमच्यासाठी, मामी. तुमी इथं एकट्या..."

"मले काय धाड भरली? हात चालते, पाय चालते, गल्ली भरून बाया आहेत." मग सूप बाजूला ठेवून त्या माझ्याजवळ सरकल्या. "पोरी, वेगळ्या भांड्यातलं पाणी मी जनमभर पेली. तू पेली, माहा लेक पेला. तुले लेकरू होईन त्यानं बी प्यावं का?"

मी मामींच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडले, आणि त्या माझ्या केसांतली प्रवासाची धूळ झाडत बसल्या. संध्याकाळी त्यांनीच दौत आणि कागद पुढे ठेवला. त्यांना अक्षर येत नाही, म्हणून मी लिहायला बसले आणि त्या शेजारी बसून सांगू लागल्या.

"लिही," म्हणाल्या, "बायको येऊन राहिली म्हणाव, न्यायले ये."