शुभांगी मॅडमचा टाका

कल्याणची बदली मिरजगावहून पुणतांब्याला झाली तेव्हा सुकन्याला सहावा महिना चालू होता. तो पशुखाद्याच्या एका कंपनीचं गोदाम सांभाळायचा. पंधरा दिवसांत नव्या जागी हजर व्हा, असा फोन आला. सामान टेम्पोत चढलं, पण दवाखान्याची फाइल सुकन्यानं कुणाच्या हातात दिली नाही. सगळा रस्ता ती मांडीवर धरून बसली.

त्याला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी तिचं पहिलं बाळ पाचव्या महिन्यातच गेलं होतं. ना कळ, ना काही. गर्भपिशवीचं तोंड आपसूक उघडलं. त्या दिवशी मिरजगावच्या डॉक्टर शुभांगी मॅडम बाकीचे पेशंट थांबवून तिच्या उशाशी बसल्या होत्या. या खेपेला तिसरा महिना संपताच त्यांनी पिशवीच्या तोंडाला टाका घातला. तो टाका आहे म्हणून बाळ आहे, आणि मॅडम आहेत म्हणून टाका आहे, असं सुकन्याच्या मनात पक्कं बसलं होतं.

निघताना मॅडमनी सगळी हकिगत लिहून एक चिठ्ठी दिली आणि तिकडंच जवळच्या दवाखान्यात नाव घालायला सांगितलं. सुकन्यानं मान हलवली, चिठ्ठी फाइलीत पार मागं सरकवली आणि घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की मॅडमनी तपासणीला मिरजगावलाच यायला सांगितलंय. लग्नाच्या सहा वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदाच खोटं बोलली होती. कल्याणनं एका शब्दानं शंका काढली नाही. तेच तिला जास्त टोचत राहिलं.

नव्या घरात तिचा पाय एका जागी ठरेना. डबे लावायला घ्यायची, अर्ध्यावर टाकून दारात यायची, दारातून परत आत. घरमालकीण साळूबाई शेजारच्याच खोलीत राहायच्या. त्यांनी दोनदा बोलवूनही ती चहाला गेली नाही. आठवड्याभरात गावातली आशाताई रुपाली वही घेऊन आली. तिनं कार्ड पाहिलं, टाक्याची नोंद वाचली आणि इथं कुठं दाखवणार म्हणून विचारलं. मिरजगावलाच, असं सुकन्या म्हणाली. अवघडलेल्या बाईनं एवढं लांब कसं जायचं, असं रुपालीनं दोन-तीन तऱ्हांनी विचारून बघितलं. सुकन्यानं विषय बदलला, पण रुपाली गेल्यावर मनातल्या मनात प्रवासाचे तास मोजत बसली.

तपासणीच्या दिवशी कल्याणच्या गोदामावर माल उतरणार होता. गाडी करून परवा जाऊ, असं तो म्हणत होता. ती ऐकेना. साडेसातला तिनं एकटीनंच घर सोडलं. श्रीरामपूरला तासभर नगरची एसटी लागली नाही. राहुरी मागं पडली आणि तिचं पोट दगडासारखं आवळलं. सुटलं. थोड्या वेळानं पुन्हा आवळलं. समोरच्या सीटचा दांडा तिनं इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली. नगरच्या स्टँडवर उतरून ती बाकावर बसली आणि मॅडमना फोन लावला.

मॅडमनी आधी पोटाचं विचारलं, मग ती घरातून किती वाजता निघाली ते.

"साडेसातला. आता पावणेबारा झालेत."

"आणि इथं यायला अजून दीड तास. सुकन्या, टाका आत असताना कळा सुरू झाल्या तर पिशवीचं तोंड फाटू शकतं. तेव्हा तुझ्याकडं सहा तास नसतील."

"पण मॅडम, टाका तुमी घातलाय."

"घातला मी. काढायला बाळंतपणाचा कुठलाही डॉक्टर चालतो, पाच मिनिटांचं काम आहे. फक्त तो जवळ पाहिजे. आता पुढं येऊ नकोस. तिथंच दवाखान्यात जा आणि कल्याणला बोलवून घे."

नगरच्या दवाखान्यात तिला दुपारभर झोपवून ठेवलं. टाका जागेवर होता, पोटही शांत झालं. संध्याकाळी कल्याण आला तो मित्राची गाडी घेऊनच. गाडीत बसल्यावर तिनं फाइलीतून चिठ्ठी काढून त्याच्या हातात दिली.

"मॅडमनी नव्या गावाजवळच नाव घालायला सांगितलं हुतं. मी तुमच्यापासनं लपवलं."

त्यानं चिठ्ठी शेवटपर्यंत वाचली. "मला ठावं असतं तर तुला यष्टीत बसू दिलं असतं व्हय?" मग खालच्या आवाजात म्हणाला, "भ्या मलाबी वाटतं, सुकन्या. मी बोलत न्हाई एवढंच."

दोन दिवसांनी रुपालीनंच त्यांना श्रीरामपूरच्या एका दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर अमृत तरुण होते. त्यांना बघूनच सुकन्याला परत फिरावंसं वाटलं. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि तिच्यासमोरच शुभांगी मॅडमना फोन लावून बारीकसारीक विचारून घेतलं. तरी तिचं मन लगेच वळलं नाही. पुढचा महिनाभर ती इकडच्या गोळ्या घ्यायची आणि त्या बरोबर आहेत का, ते मिरजगावला फोन करून विचारायची.

आठवा महिना सरता सरता एका दुपारी कपडे वाळत घालताना कळ आली. पाठोपाठ दुसरी. कल्याण गोदामावर होता. साळूबाईंनी रुपालीला हाक मारली, रुपालीनं रिक्षा आणली, आणि पाऊण तासात सुकन्या टेबलावर होती. डॉक्टर अमृतनी टाका कापला. तिला वाटलं होतं त्याच्या निम्मंही दुखलं नाही. दिवेलागणीला मुलगी झाली, दोन किलोची. रडली उशिरा, पण रडली. मग नऊ दिवस ती काचेच्या पेटीत होती, आणि दर दोन तासांनी सुकन्या भिंतीला धरून तिथवर चालत जायची.

घरी आल्यावरही चैन नव्हतं. बाळ झोपलं की ती नाकापाशी बोट धरून बघायची. चौथ्या दिवशी साळूबाई आपणहून आत आल्या, पाळण्याशी बसकण मारली आणि म्हणाल्या, "मी बसते हितं. तू पड जरा."

सुकन्या आडवी झाली, आणि उन्हं उतरेपर्यंत उठलीच नाही.